काळजाचा आवाज लिहिणारं यंत्र

"सिस्टर, नाव परत सांग. जिभेवर बसत नाही," शेजारचा ओसेया म्हणाला.

"फोनोकार्डिओग्राफ," लिटियाना म्हणाली. ती आमच्या बेटावरची नर्स. "फोनो म्हणजे आवाज, कार्डिओ म्हणजे काळीज, ग्राफ म्हणजे लिहिणं."

"पण ऐकायला तुझी नळी आहे ना?"

"नळीतलं मला एकटीला ऐकू येतं. याचं लिहिलेलं राजधानीत, सुव्यातल्या मोठ्या डॉक्टरांनाही वाचता येतं."

"मग माझ्या बायकोला लावू नका. कागद पुरायचा नाही!"

सगळे हसले. सरकारी बोटीतून दोन माणसं ते यंत्र घेऊन आली होती. आवाज नको म्हणून बायकांनी कापडासाठी मासीच्या झाडाची साल कुटणं थांबवलं. गाव चिडीचूप झालं, आणि अकरा मुलांची काळजं एकामागून एक कागदाच्या पट्टीवर उतरली. त्यात माझी व्हिलीमाइना होती. नऊ वर्षांची, एकुलती एक. किनाऱ्यावरून घराची चढण चढताना तिला मधेच बसावं लागे.

दुसऱ्या दिवशी लिटियानानं पट्ट्या डब्यात घालून माझ्या हाती दिल्या. प्रवाळाच्या खडकांबाहेर उभ्या बोटीपर्यंत सामान माझीच होडी नेई.

"दादा, भिजू देऊ नका हं."

व्हिलीमाइना होडीपाशी आली. तिनं डबा उघडून एक पट्टी काढली. "बाबा, ही माझी. हे बघा नाव." मला अक्षर येत नव्हतं. मी नुसती ती रेघ पाहिली.

आमच्यात केस कापले तरी परक्याच्या हाती लागू देत नाहीत, पुरून टाकतात. त्यावर कुणी करणी करील. इथं तर काळीजच लिहिलेलं होतं. आणि घरातल्या माणसाचं लिहिलेलं राहतं घरच्या बायबलात, जिथं पाद्रीबाबांनी सगळ्यांची नावं मांडलीत. मी पट्टी सदऱ्यात घातली. दहा पोचवल्या.

चार महिन्यांनी यादी आली. काळीज बिघडलेल्या तीन मुलांना दर महिन्याला सुई द्यायची होती. व्हिलीमाइनाचं नाव नव्हतं.

"खरंच नाही?" लिटियानानं यादी दोनदा वाचली. "मला वाटलं होतं... पण मोठ्या डॉक्टरांनी वाचलंय, दादा. माझेच कान चुकले असतील."

मी त्या दिवशी डुक्कर कापलं, गावाला जेवू घातलं.

व्हिलीमाइना तेराव्या वर्षी गेली. शेवटी तिला आडवं होता येत नव्हतं, माझ्या पाठीला पाठ लावून बसायची. "बाबा, तुमचं किती शांत वाजतं," एकदा म्हणाली.

यादीतली तिन्ही मुलं आज आपापल्या पोराबाळांत आहेत.

तिच्यानंतर लिटियानानं कुणाच्या छातीला नळी लावली नाही. जखमा बांधी, बाळंतपणं करी. छातीचं काही निघालं की म्हणे, "शेजारच्या बेटावर जा. माझ्या कानांवर भरवसा नाही." मी ऐकत असे आणि गप्प बसत असे. सव्वीस वर्षं.

साठी उलटल्यावर मी तिलाच म्हटलं, "मला वाचायला शिकव."

"आता? वर जाऊन वाचणार आहात का?" पण शिकवलं. रोज दुपारी, ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली, पाटीवर. नाव लिहायला आलं तेव्हा ती म्हणाली, "आता काय वाचायचंय, दादा?"

मी बायबल आणलं, त्यात ठेवलेली पट्टी काढली. पट्टीवरची रेघ जवळजवळ उडून गेली होती. काठाला पेन्सिलीनं लिहिलेलं मात्र तसंच होतं. मी बोट ठेवून वाचलं, "व्हि-ली-माइ-ना." पुढचं जोडाक्षर मला येईना.

लिटियानानं पट्टी हातात घेतली. अक्षर तिचंच होतं. तिनं हळू वाचलं, "ठोक्यांमध्ये खरखर स्पष्ट. तातडीनं बोलवावं."

मी सगळं सांगितलं.

"म्हणजे मला बरोबर ऐकू आलं होतं," ती म्हणाली.

तिनं पट्टी जुन्याच घडीवर दुमडली, बायबलात ठेवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. नंतरही नाही. राहिलेली अक्षरं मी बायबलावरूनच एकट्यानं गिरवली.

दुपारी अजून झाडाखाली दोन चटया टाकतो. एकीवर बसतो. दुसरीवर पडलेली पानं संध्याकाळी झाडून टाकतो.