आणखी पाव फेरा

“रबरावर पंख बसवायचा? हंबीर, ही काय शेंगांची पिशवी हाय व्हय, तोंड बांधाय?”

लालासाहेबांनी हातातला पाना पाटावर आपटला. पाटाशेजारी रेडिओवर उडणारं छोटं विमान पडलं होतं. धड एकीकडे, तीन हात लांबीचा पंख दुसरीकडे. हंबीररावांनी सायकलच्या ट्यूबमधून कापलेली आठ रबरं डाव्या हातानं पुढं सरकवली. उजवा हात चार वर्षांपूर्वी, एकाहत्तरच्या लढाईत, कोपरापासून गेला होता.

“पुस्तकात तसंच लिवलंय. आपटलं तर पंख सुटून बाजूला पडला पायजे, म्हंजी मोडत न्हाई.”

“सुटाय पायजे? माझ्या हातचं?”

साखर कारखान्यात तीस वर्षं फिटर असलेल्या माणसाला हे झोंबणारच. पाना फिरेनासा झाला की लालासाहेब दम घेत आणि आणखी पाव फेरा देत. आपल्या हातचा सांधा कधी गळला नाही, हे ते दर चार वाक्यांमागे एकदा ऐकवत. निवृत्त झाल्यावर घरातलं सगळंच त्यांनी असं आवळून ठेवलं होतं, की लोणच्याची बरणी उघडायला सुनेला त्यांनाच हाक मारावी लागे.

तोफखान्यात असताना हंबीररावांनी अशी विमानं नेमबाजीसाठी उडताना पाहिली होती. एका जुन्या साहेबानं परदेशातून सुटे भाग पाठवले. हंबीरराव पुस्तक वाचून सांगत आणि लालासाहेब जोडत. सारा हिवाळा त्यात गेला. शेपटीची फळी हलवणाऱ्या काडेपेटीएवढ्या मोटारी बसल्या, खालचा इशारा पकडणारा रिसीव्हर स्पंजात गुंडाळला गेला. उडवणार मात्र हंबीरराव स्वतः. हात गेल्यापासून बायको, शालू, त्यांना कशालाच हात लावू देत नसे.

“घरात मला कुणी च्याचा कप धरू देत न्हाई, लाला. हे एकडाव वर न्हेऊन नीट खाली आणतो. मग बघू शालू काय म्हंती.”

हे ऐकलं तेव्हापासून लालासाहेबांच्या जिवाला घोर लागला. रबरानं दगा दिला तर मित्राची फजिती होणार. उड्डाणाच्या दिवशी सकाळी त्यांनी धडाला आणि पंखाला आरपार दोन भोकं पाडली, खालून दोन बोल्ट घातले आणि आवळले. वर दिसायला दोन रबरं ठेवली, सहा खिशात टाकली.

वडूजच्या वाटेवरच्या माळावर ज्वारी निघून गेली होती. लालासाहेबांनी बोटानं नाकावरच्या पंख्याला झटका दिला, इंजिन भुणभुणलं, आणि त्यांनी विमान वाऱ्याच्या तोंडाला सोडलं. हंबीररावांच्या गळ्यात पट्ट्यानं अडकवलेली रेडिओची पेटी, डाव्या हातात तिची दांडी. विमान चढलं, वळलं, पुन्हा डोक्यावर आलं. लालासाहेबांचे डोळे भरले.

तेल संपलं, इंजिन थांबलं. विमान गुमान खाली येऊ लागलं आणि टेकता टेकता पंखाचं टोक बांधाच्या दगडाला लागलं. कडकन आवाज झाला.

हंबीरराव तिथंच पाठ करून बसले. लालासाहेब धावत गेले. पंख मधोमध मोडला होता, धड उभं चिरलं होतं. दोन्ही बोल्ट मात्र जागच्या जागी, घट्ट.

“मोडलं न्हवं?” हंबीररावांनी तिकडं न बघता विचारलं. “माझ्या हातात कायच न्हाई ऱ्हायलं. ही पेटी माळ्यावर टाक. कप धराय शालूच बरी.”

पाना लालासाहेबांच्या खिशात होता. दोन बोल्ट काढायला किती वेळ लागतो? कुणाला कळलंही नसतं. त्यांनी मोडकं विमान तसंच उचललं आणि मित्रापुढं आणून ठेवलं.

“हात तुझा बरोबर हुता, हंबीर. मी बोल्ट मारलं. पंख सुटणार हुता, मीच सुटू दिला न्हाई.”

त्यांनी खिशातली रबरं काढली. आत्ता कुठं त्यांना प्रत्येकाच्या कडेला दातांच्या खुणा दिसल्या. हंबीररावांनी ट्यूब दातांत धरून, डाव्या हातातल्या ब्लेडनं एकेक रबर कापलं होतं. लालासाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तीस वरसं कारखाना संभाळलास,” हंबीरराव ओरडले, “आन आठ रबरं संभाळता आली न्हाईत तुला?”

लालासाहेबांनी रबरं त्यांच्या पुढ्यात ठेवली. हंबीररावांनी त्यातलं एक उचलून विचारलं, “उतरताना सरळ हुतं का रं?”

“लय सरळ. बगळा उतरावा तसं.”

नवा पंख व्हायला दीड महिना लागला. पुन्हा तोच माळ. रबराचं एक टोक लालासाहेबांनी धडाच्या एका बाजूच्या खुंटीत अडकवायचं, दुसरं हंबीररावांनी पंखावरून ताणून पलीकडच्या खुंटीवर चढवायचं. अशी आठही रबरं झाली. हंबीररावांनी पेटी गळ्यात घातली.

लालासाहेबांनी पंखाचं टोक हळूच दाबून पाहिलं. ते किंचित हललं. त्यांचा हात आपसूक खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. पाना ते घरीच ठेवून आले होते.