त्रेचाळीस हरवलेली, सापडलेलं एकही नाही

कबूतरं उडवणाऱ्याची साक्ष कोर्टात चालत नाही, असं अम्मानच्या जबल अल-जोफा या डोंगरावर आजोबा नातवांना सांगत आले आहेत. दुसऱ्याचं पाखरू छतावर उतरलं की हा ते लपवतो आणि वर शपथही घेतो. लमीसला हे पक्कं ठाऊक होतं, कारण तिचे वडील अबू लमीस बत्तीस वर्षं कबूतरं उडवत होते. तरीही असल्याच लोकांच्या सचोटीवर तिने वेबसाइट बांधायला घेतली.

कारण मिस्क. काळ्या शेपटीची ती मादी गेले दोन आठवडे परतली नव्हती आणि वडिलांचं जेवणावरून मन उडालं होतं. आई कंटाळली. शुक्रवारपर्यंत मिस्क आली नाही तर खुराडं मोडायचं, त्या जागी मी मुलुखियाच्या भाजीची पानं वाळवीन, असं तिने जाहीर केलं. दुःखाच्या भरात वडिलांनी मानही डोलावली. लमीसचं बालपण त्या छतावर गेलं होतं. तिने मान डोलावली नव्हती.

भंगारातला संगणक तिने छतावर दाण्याच्या पोत्यांशेजारी मांडला. आधी लिनक्स, त्यावर वेब सर्व्हर, मग डेटाबेस, आणि या सगळ्यांना बोलतं करायला स्क्रिप्ट. वडिलांनी किंमत विचारली. फुकट आहे, आणि आतलं सगळं कोणालाही उघडून बघता येतं, असं ती म्हणाली.

"म्हणजे बनवणारे कबूतरवाले नव्हते," वडील म्हणाले.

रोज दुपारी सांत्वनाला येणारा, स्वतःही कबूतरं उडवणारा अबू झैदान न्हावी चहाचा घोट घेत म्हणाला, "लेकी, मिस्कसाठी मी पण दुआ करतोय."

सोमवारी हरवल्या-सापडल्या कबूतरांचं पान सुरू झालं. संध्याकाळपर्यंत सगळा डोंगर त्यावर तुटून पडला. हरवलेली कबूतरं: त्रेचाळीस. सापडलेली: शून्य. लमीस पोट धरधरून हसली. एक तर आभाळाने त्रेचाळीस पाखरं गिळली होती, नाहीतर डोंगरावर एकही खरा माणूस उरला नव्हता.

मग तिला सुचलं. या लोकांना कबुली देता येत नाही, पण बढाई मारल्यावाचून राहवतही नाही. तासाभरात तिने स्क्रिप्ट बदलली. नवं पान: सर्वांत देखणं कबूतर कोणाचं? फोटो, पायातल्या कड्याचा रंग, कधीपासून आहे ते लिहा. निकाल शुक्रवारी, तोवर फोटो झाकलेले. परीक्षक माणूस नाही, यंत्र आहे म्हटल्यावर तर सगळे निर्धास्त झाले.

बुधवारी दुपारपर्यंत एकावन्न फोटो आले. सर्व्हर धापा टाकू लागला. वडील पुठ्ठ्याने त्याला वारा घालत बसले. लमीसने डेटाबेसला एकच प्रश्न विचारला: हरवलेल्यांशी यातलं काय जुळतं? एकोणचाळीस ओळी धडाधड खाली उतरल्या. तिने दोन पुन्हा वाचल्या आणि पोत्यावरच बसली.

गुरुवारी चहाला वडील आणि अबू झैदान नेहमीसारखे उसासे टाकत बसले होते. लमीसने फोन दोन पेल्यांच्या मधे ठेवला. वरच्या फोटोत मिस्क. मालक: अबू झैदान. खाली लिहिलं होतं, 'पिल्लू असल्यापासून माझ्या हातचे दाणे खाते.' खालच्या फोटोत अबू झैदानचा हरवलेला बर्क. मालक: अबू लमीस. 'माझ्या तळहातावर अंड्यातून निघाला.'



"तळहातावर?" अबू झैदान म्हणाला.

"तू गप्प बस. माझ्याच घरचा चहा पीत होतास."

"आणि तू माझ्याचकडे दाढी करवत होतास. वस्तरा गळ्यावर होता, अबू लमीस. आठवतंय ना?"

जिन्यावरून आई म्हणाली, "तरीच म्हटलं, धुण्याची टोपली घुमते कशी." टोपलीचा आठ दिवस तुरुंग केल्याबद्दल दंड म्हणून तिने छताचा एक कोपरा मुलुखियासाठी तिथल्या तिथे मागून घेतला. खुराडं मात्र राहिलं. मिस्क तासाभरात घरी आली आणि वडिलांनी दोन ताटं मक़लूबा भात संपवला.

"काका, बाकीच्यांचं काय करू?" लमीसने विचारलं.

न्हाव्याने विचार केला. "आब राखून कळव, लेकी. शपथ घ्यायला जागा ठेव."

शुक्रवारी निकालाऐवजी प्रत्येकाच्या फोनवर आपलं पाखरू नेमकं कोणत्या छतावर आहे ते पोचलं. दिवसभर पिंजरे जिने चढत-उतरत होते. प्रत्येक दारात प्रत्येकजण देवाची शपथ घेऊन तेच सांगत होता: अहो, हे आज सकाळीच आलं बघा.

लमीसला ते आधीच ठाऊक होतं. 'सापडल्याची तारीख' या रकान्यात तिने उरलेल्या सदतीस पाखरांपुढे शुक्रवारची सकाळ आदल्या दिवशीच भरून ठेवली होती.