केशरबाईचा फ्रॉक

माझं तोंड खराब हाय, हे आमचं सेनगावाजवळचं सगळं गोरेगाव सांगतं. खोटं कशाला बोलू? बाजारगल्लीत माझं लेडीज टेलरचं दुकान हाय. ब्लाउजचं कापड टाकून "संध्याबाई, उद्याच पाहिजे" म्हणलं कोणी की मी म्हणते, "मशीन घेऊन जा अन् घरी शिव." तरी बाया माझ्याकडंच येतात. हात चांगला हाय ना माझा!

समोर प्रमोदचं मोबाईलचं दुकान. त्याची पोरगी आकांक्षा संभाजीनगरला कपड्याची डिझाईन शिकून आली अन् थेट माझ्या मानगुटीवर बसली. तिनं कागदावर काढायचं, मी शिवायचं. काढायची तरी काय? मोठ्या बायांसाठी फुग्याच्या बाह्यांचे फ्रॉक! घेरावर ठिकरीच्या खेळाचे चौकोन, चिंचोके ठेवायला खिसे, पाठीवर नाडीचं फूल. मी म्हणलं, "अगं बाई, ह्या वयात हे घालतं कोण?" तर पुण्या-नागपूरच्या बाया फोनवर पाहून मागवून राहिल्या. त्यायला म्हणे लहानपण आठवतं. मी कपाळाला हात लावला, पण शिवत गेले.

एक दिवस आकांक्षाची आजी, केशरबाई, दुकानात आली. सत्तरी ओलांडलेली बाई, पण चालणं ताठ. पार्सलात घालायचा निळा फ्रॉक तिनं उचलला, फुग्याची बाही बोटानं दाबून पाहिली अन् हळूच म्हणाली, "संध्ये, मला शिवतीस का असा एक?"

मी हसले. ती हसली न्हाई.

"नवव्या वर्षी लग्न लावलं माझं," ती म्हणाली. "त्या दिवशी लुगडं नेसवलं. अंगापेक्षा लुगडंच मोठं, पायात येऊन पडायची मी. मास्तराची पोरगी माझ्याच वयाची. फ्रॉक घालून शाळेपुढं गिरकी घ्यायची अन् गपकन खाली बसायची. घेर कसा भवताली गोल फुगून राहायचा! मी डोक्यावर घागर घेऊन पाहत उभी. तेवढं एकदा करायचंय मला. दाराआड न्हाई, दिवसाउजेडी, रस्त्यावर."

आकांक्षा म्हणाली, "म्हणजे लहानपणची आठवण म्हणून ना, आजी?"

"ज्यायनं घातला त्यायला आठवण येती, बाई. मी घातलाच न्हाई, मला कशाची येईल?"



प्रमोदला कळलं तसा तो तणतणत आला. "माय, डोकं फिरलं का तुझं? सगळा बाजार हसंल. तू तसली रस्त्यावर आली तर मी शटर पाडून घरी बसतो!"

"बस की," केशरबाई म्हणाली. "तुला तरी कुठं आराम हाय?"

पण रात्रीतून तिचं तोंड उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी आली अन् मला म्हणाली, "हसतील का गं खरंच?" मला प्रमोदचा असा राग आला म्हणून सांगू!

आकांक्षानं कागदामागून कागद फाडले. फुलाफुलांचं कापड घेतलं तर आजीचं सोंग दिसंल, साधं घेतलं तर गाऊन दिसंल. शेवटी म्हणाली, "काकू, लुगड्याचाच करू." केशरबाईनं तिचं ठेवणीतलं हिरवं लुगडं आणलं, लाल काठाचं. मी टेबलावर पसरलं, खडूनं खुणा केल्या, पण कात्री काही चालंना. बाईच्या अंगावरचं लुगडं ते! केशरबाईनंच माझ्या हातातून कात्री घेतली अन् पहिला काप मारला.

नऊवारीत कापड किती असतं, हे मला त्या दिवशी कळलं. नेसताना सगळं पायाशी आवळून घेतात, म्हणून दिसत न्हाई. आकांक्षानं ते सगळं घेरात सोडायला लावलं. चुणीवर चुणी, चुणीवर चुणी, माझी बोटं दुखून गेली. पदराची कॉलर अन् फुग्याच्या बाह्या, लाल काठ खाली घेराला, लांबी घोट्यापर्यंत. मशीनखालून ते कापड संपता संपंना.

बाजाराच्या दिवशी केशरबाई तो घालून माझ्या दुकानाच्या पायरीवर आली. समोर प्रमोदनं शटर अर्धं खाली ओढलं. रस्त्यात सेनगावच्या जीपा भरून राहिल्या होत्या, भाजीवाल्या बाया माना वर करून पाहू लागल्या. कोणीतरी फिस्कन हसलं. मी ओरडले, "कोण हाय ते? पुढं ये, तुझं माप घेते!" हसणं बंद झालं.

केशरबाई रस्त्याच्या मधोमध गेली. आधी नुसती उभी राहिली. मला वाटलं, आता ही परत फिरती. मग तिनं दोन्ही हात पसरले अन् गिरकी घेतली.

काय सांगू! ते नऊ वार कापड एकदम उठलं. हिरवं, गोल, भवताली लाल काठाचं कडं. बाई मधी कुठं हाय तेच दिसंना. मी जन्मभर कापड कापते, शिवते, त्याच्यावर पोट भरते, पण कापडाला असं उठता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. अंगावर काटा आला माझ्या. जीपवाला "सेनगाव, सेनगाव" म्हणायचं विसरला. आकांक्षानं माझा हात धरला होता अन् ती रडून राहिली होती. मीही रडले, लपवू कशाला?

केशरबाई गपकन खाली बसली. घेर तिच्या भवताली भाकरीसारखा टम्म फुगला. समोरचं शटर खडखडत वर गेलं अन् प्रमोद अनवाणी पळत आला. "माय, लागलं का कुठं?"

"न्हाई रे. गप बस, पाहू दे मला." ती घेराकडं पाहत होती.

तिला उठवायला मी खाली वाकले अन् चरकले. काठाच्या वर, आतल्या बाजूनं चार बोटं दुमड घालून टीप मारलेली! लेकराचा फ्रॉक शिवताना आमी ती ठेवतोच. लेकरू वाढलं की उसवायची अन् लांबी सोडायची. माझ्या हाताला सवयच पडलेली, फ्रॉक म्हणलं की वाढतं माप. पण सत्तरीच्या बाईला? थट्टा केल्यासारखं झालं ते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"केशरबाई, चुकी झाली माझी," मी म्हणलं. "वाढत्या मापाची दुमड राहिली आत. आण, आत्ता काढून देते."

तिनं घेर उलटून ती दुमड पाहिली, बोट फिरवलं. मी कमरेला खोचलेली कात्री पुढं केली तर तिनं माझा हात ढकलला.

"खबरदार! लुगडं नेसवलं तवा माय म्हणली होती, झालीस मोठी, संपलं आता. तेच धरून बसले मी आजवर. तुझ्या हाताला वाटलं ना, मी अजून वाढणार हाय म्हणून? मग राहू दे."

मी कात्री परत कमरेला खोचली. प्रमोदनं हात दिला, ती उठली, घेराची धूळ झटकली अन् जीपवाल्याला म्हणाली, "जरा मागं घे रे गाडी. जागा कमी पडून राहिली."