यशाचा हात

कोर्टाचा माणूस रोपवाटिकेच्या मांडवात शिरला तेव्हा रोपवाली टोमॅटोचं बी टाकत बसली होती. ट्रेच्या एकेका खळग्यात एकेक बी, वर चिमूटभर माती, की सरक पुढं. उन्हानं मांडव तापला होता, कंबरेचा पार काटा ढिला झाला होता, आणि अजून निम्मे ट्रे तसेच पडून होते.

"बाई, समन्स आहे. इथं सही करा," तो म्हणाला.

"मालक पलीकडं आहेत. पंपाजवळ बघा."

"त्यांचंही आहे. पण हे तुमच्या नावचं."

"माझ्या नावचं? मी काय कुणाची कोंबडी चोरली?"

"चेक वटला नाही म्हणे. तारखेला या, तिथं सांगतील," असं म्हणून त्यानं पेन पुढं केलं. तिनं फडक्याला हात पुसले आणि सही केली. सही करायची तर तिला सवयच होती. तिथंच तर सगळं घोडं अडलं होतं.

आता हे जरा नीट सांगायला हवं. रोपवालीच्या हाताला यश आहे, असं अख्खं गाव म्हणायचं. तिनं टाकलेलं बी उगवणार म्हणजे उगवणार. शेजारपाजारच्या बाया वाफ्यात पहिलं बी टाकायला तिला हाताला धरून न्यायच्या. पण या गोष्टीवर सगळ्यात जास्त भरवसा तिच्या घरधन्याचा. मांडवाचा पहिला खांब तिच्या हातानं, पंपाचं पहिलं बटण तिच्या हातानं. पुढं दोघांच्या नावानं बँकेत खातं निघालं, चेकबुक आलं, तेव्हा पठ्ठ्यानं तेही तिच्यापुढं धरलं.

"तूच कर सही. तुझ्या हाताला यश आहे."

तेव्हा तिलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला! पण ते एवढ्यावर भागलं नाही. प्रत्येक चेकवर सही तिची. नाव तो घालणार, आकडा तो घालणार, भाव तो करणार, भांडणार तो. आणि शेवटी मातीच्या हातांची ही उठून एकेक अक्षर कोरत बसणार. कसला चेक, कुणाला, हे तिनं कधी विचारलं नाही. विचारलं तरी "तू बी टाक" एवढंच उत्तर मिळालं असतं.

त्या संध्याकाळी मांडवातच तिनं त्याला समोर बसवलं.

"कुठला चेक हो?"

घरधनी आधी मान खाजवत बसला. मग म्हणाला, "तो जाळीवाला. जाळीच्या पैशांचा पुढच्या तारखेचा चेक दिला होता त्याला. चोर आहे लेकाचा. मांडवावरची जाळी पहिल्याच वाऱ्यात टराटरा फाटली, आठवतं ना? बदलून दे म्हटलं तर म्हणतो, वाऱ्याची हमी मी घेतलेली नाही. माझं टाळकं सटकलं. तडक बँकेत गेलो आणि खातं धुऊन काढलं. म्हटलं, आता टाक तुझा चेक आणि बस बोंबलत!"

"आणि मला सांगितलं नाही?"

"भांडण माझं आणि त्याचं. तुला कशाला घोर?"

"ते पैसे कुठं आहेत?"

त्यानं वर बघितलं. वर नवी जाळी होती, दुसऱ्या दुकानातली.

"आधी काही कागद आला होता का?"

"नोटीस आली होती एक. चुलीत घातली," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला.

भांडायलाही अंगात जीव लागतो, आणि तिचा तर दिवसभर वाकून वाकून संपला होता. उठली आणि राहिलेल्या ट्रेंवर पाणी मारून आली.

तारखेला दोघं कोर्टात गेली. जाळीवाल्यानं दोघांवर खटला भरला होता, खातं दोघांचं म्हणून. या दोघांनी धरलेल्या वकीलबाई तरुण होत्या, पण बोलायला सरळ. कागद चाळून त्यांनी घरधन्याला सांगितलं, "तुम्ही सुटाल."

"मी? आणि ही?"

"चेकवर सही यांची आहे. नुसतं खात्यात नाव असल्यानं गुन्हा लागत नाही, ज्यानं सही केली त्याला लागतो. तुमची सही नाही, तुम्ही बाहेर. यांना मात्र शिक्षा होऊ शकते. तुरुंगसुद्धा."

रोपवालीनं बाकाची कड धरली.

"पण मला ठाऊकच नव्हतं हो बाई, पैसे काढलेत ते!"

"तेवढ्यानं भागत नाही. चेक तुमचा आहे."

आत नेमकं तसंच झालं. न्यायाधीशांनी चेक पाहिला, सही कुणाची ते विचारलं आणि घरधन्याचं नाव वगळून टाकलं. तेव्हा हा उभा राहिला. दोन्ही हात जोडलेले, घामानं चिंब.

"साहेब, व्यवहार मी केला. पैसे मी काढले. ती आपली बी टाकत होती. मला घाला आत!"

"सही तुमची आहे का?"

"नाही, पण..."

"मग बसा खाली."

तो मटकन बसला. तिला त्याची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच आलं. गावभर मिशीला पीळ देत हिंडणारा माणूस आणि आज त्याचा गुन्हासुद्धा कुणी घेईना.

मग सुरू झाले खेटे. आज जाळीवाला नाही, उद्या न्यायाधीश रजेवर. ती इकडं बाकावर ताटकळत बसायची आणि तिकडं मांडवात रोपं माना टाकायची. एक लॉट तर पार करपून गेला. झोपेतसुद्धा तिला कुणीतरी नाव घेऊन पुकारल्यासारखं वाटायचं. शेवटी वकीलबाईंनीच जाळीवाल्याला गाठलं. तोही खेटे घालून कंटाळला होता. निम्मे रोख, निम्मे चेकनं, आणि मग तक्रार मागं, असं ठरलं. होती नव्हती ती सगळी रोपं पडेल त्या भावानं काढून तिनं रोख रक्कम उभी केली. उरलेल्यापुरते पैसे पुन्हा खात्यात भरले.

कोर्टाच्या व्हरांड्यात रोख मोजून झाली. जाळीवाला म्हणाला, "आता चेक." घरधन्यानं चेकबुक काढलं, नाव घातलं, आकडा घातला, आणि सवयीनं तिच्यापुढं सरकवलं.

"कर सही. तुझ्या हाताला..." पुढचा शब्द काही त्याला फुटला नाही.

तिनं चेकबुक उलटं फिरवून त्याच्यापुढं ठेवलं. "तुम्ही करा."

"मी? अगं, मी कधी..."

"खातं दोघांचं आहे. बँकेत तुमची पण सही आहे. करा."

वकीलबाई गालातल्या गालात हसल्या. "चालेल की. आणि हा परत आला तर कोर्टात हे एकटे उभे राहतील."

त्यानं पेन धरलं. टेकवलं. उचललं. पुन्हा टेकवलं. मग तिच्याकडं वाकून हळूच विचारलं, "अगं, भरलेस ना गं सगळे? खात्यात आहेत ना नक्की?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "मी आपली नुसती सही करत होते."

जाळीवाल्याला खोकल्याची उबळ आली. घरधनी पेन ठेवून उठला, "आलोच" म्हणाला आणि चपला फटफटवत बँकेत विचारायला पळाला.

ती भिंतीला टेकून बाकावर बसली. नखांत अजून कालची माती होती. मांडवात नव्यानं भरायचे ट्रे वाट बघत होते. पण तो येईपर्यंत काही करायचं नव्हतं, म्हणून तिनं डोळे मिटले.