टायसनांच्या मेंढ्यांवरची किटली

पर्यटकांना वाट दाखवणारी सरकारी तपकिरी पाटी मिळवण्यात माणसाची अर्धी उमेद जाते. आयलीन टायसनची गेली नाही, कारण तिच्याकडे ती जरा जास्तीचीच होती.

नवा रस्ता झाल्यापासून सरोवरं बघायला निघालेल्या मोटारी तिच्या डोंगराखालच्या फाट्यावरून सुसाट पुढे जात. फाट्यापासून मैलभर आत तिचं शेतघर, आणि नवरा आल्फ गेल्यावर त्यातच तिने उघडलेलं चहाघर. तिथला आल्याचा केक आणि रम घातलेलं लोणी खाऊन माणूस बोटं चाटत जायचा. पण यायचा कोण? नुसत्या लोकरीवर हल्ली डोंगर कुणाला पोसत नाही. चहा चालला नाही तर मेंढ्या विकून लेकीकडे शहरात जायचं आणि तिच्या बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत बसायचं, एवढंच आयलीनपुढे उरलं होतं. त्या कुंड्यांच्या नुसत्या विचारानेच तिच्या अंगावर काटा यायचा.

तिने कौन्सिलकडे पाटीसाठी रीतसर अर्ज केला. तुमच्याकडे पुरेसे पर्यटक येत नाहीत म्हणून पाटी देता येत नाही, असं उत्तर आलं. तिने फोन लावला.

"अहो, पाटी नाही म्हणून येत नाहीत!"

"बरोबर," रस्ते विभागाचे पेंबर्टन म्हणाले, "आणि येत नाहीत म्हणून पाटी नाही."

हे ते इतक्या थंडपणे म्हणाले की फोनमध्ये हात घालून त्यांचा टाय ओढावा असं तिला वाटलं. मग तिने स्वतःच फळी रंगवून फाट्यावर ठोकली. कौन्सिलची गाडी येऊन ती उचलून घेऊन गेली. दुसरी ठोकली, तिचीही तीच गत.

त्या फाट्यावरची एकच गोष्ट कौन्सिलला उचलता येत नव्हती, ती म्हणजे आयलीनच्या मेंढ्या. या डोंगरांवर कुंपण नसतं. प्रत्येक कळपाचा माळ ठरलेला असतो. कोकरू आईच्या मागे फिरून तो शिकतं आणि जन्मभर सोडत नाही. टायसनांचा माळ नेमका फाट्याला लागून. कळप एकमेकांत मिसळले तरी ओळखू यावेत म्हणून प्रत्येक घराची रंगाची एक खूण असते. टायसनांची खूण पाठीवरचा आडवा लाल पट्टा, आल्फच्या पणजोबांपासून चालत आलेला. लोकर कातरून झाल्यावर आयलीनने नेहमीसारखा पट्टा ओढला आणि त्याच रंगाने प्रत्येकीच्या दोन्ही कुशींवर चहाची ठसठशीत किटली काढली.

मोटारी थांबायला लागल्या. लोक फोटो काढत, हसत, आणि मग वर जाणारी एकुलती एक वाट धरत. चहाघरात खुर्च्या कमी पडू लागल्या.

अशात शेजारचा आयझॅक बर्केट काठी आपटत दारात उभा राहिला. ऐंशी ओलांडलेला, मेंढपाळांच्या सभेचा प्रमुख.

"लाज कशी वाटत नाही पोरी? खुणेशी खेळ? खुणेवरून इथे डोकी फुटलीयेत!"

"पट्टा आहे तसाच आहे, आयझॅक. किटली वरची."

"वरचं-बिरचं काही नसतं. एक कळप, एक खूण. चुकार मेंढी सापडली तर आम्ही काय बघायचं, पट्टा की तुझं भांडं?"

आणि तो चहा न घेता गेला. असं कधीच झालं नव्हतं, आणि ते तिला फार लागलं.

ऑगस्टच्या शेवटी पेंबर्टन स्वतः फाट्यावर आले. "मिसेस टायसन, ही विनापरवाना जाहिरात आहे. धुऊन टाका, नाहीतर दंड होईल."

"ही खूण आहे साहेब. माझ्या मेंढीवर काय काढायचं ते तुम्ही कोण ठरवणार?"

"शिवाय अर्ध्या किटल्यांची तोटी उलट दिशेला आहे! चालकांची दिशाभूल होते."

"मग द्या की पाटी. ती फिरत नाही, चरत नाही, मध्येच बसत नाही."

आयझॅक तिथेच आपल्या चुकार मेंढ्या वळवत होता. पेंबर्टननी त्यालाच गाठलं. "सभेचे प्रमुख तुम्हीच ना? मग सांगा, किटली ही टायसनांची खूण आहे का?"

आयलीनला ठाऊक होतं, खुणेच्या बाबतीत हा म्हातारा सख्ख्या भावासाठीही कधी खोटं बोलला नव्हता.

आयझॅकने मेंढ्यांकडे पाहिलं, मग साहेबांच्या चकचकीत बुटांकडे. "खुणा सभा ठरवते, कौन्सिल नाही. घराने मागितली तर बदलूनही देते." तो आयलीनकडे वळला. "पण एकच, पोरी. किटली घेतलीस तर पट्टा गेला. उद्या दुसऱ्या कुणी मागितला तर त्याला द्यावा लागेल. बोल, तुझी खूण कुठली?"

शेवटच्या उन्हाळ्यात आल्फने स्टुलावर बसून, धापा टाकत, पट्टे ओढले होते. सगळे वाकडे. ती हसली होती, तोही हसला होता. आता तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, या दोघांचा आणि मरून मोकळ्या झालेल्या आल्फचाही.

"पट्टा आल्फचा होता," ती म्हणाली. "आल्फ नाही. मी आहे, आणि मी इथून हलणार नाही. किटली."

"ऐकलंत?" आयझॅक पेंबर्टनना म्हणाला. "यापुढे हिच्या किटलीला हात लावाल तर आम्ही तुम्हाला मेंढीचोर समजू."

पेंबर्टन गाडीत जाऊन बसले.

दुपारी आयलीनने कळप मेंढवाड्यात घेतला. आयझॅक एकेक मेंढी धरून देत होता आणि ती कात्रीने पाठीवरच्या पट्ट्याची लाल लोकर काढत होती. "राहू दे, मी करतो," तो एकदा म्हणाला. तिने कात्री दिली नाही.