सीटखालचं बटण

शनिवारी सकाळी डेलमारची गाडी पुन्हा बंद पडली. गाडी म्हणजे गवत कापायची, वर बसून चालवायची. त्याची बायको नोरीन स्वयंपाकघरात उकडलेले बटाटे सोलत होती. इंजिनाचा आवाज घरामागच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथंच गप झाला. मग लोखंडावर बूट आपटल्याचा आवाज आला. तिने सुरी खाली ठेवली, पण खिडकीशी काही गेली नाही. बघताना दिसली असती तर दिवसभर धुसफुस ऐकावी लागली असती.

इंडियानातल्या त्या गावात माणसाची अब्रू त्याच्या गवतावरून ठरायची. रविवारी चर्चला जाता-येता लोक एकमेकांची आवारं अशी न्याहाळत, जशी मुलगी बघायला आलेत. कुणाचे कापणीचे पट्टे सरळ, कुणाचे वाकडे, कुणी कुंपणाकडेची झुलपं तशीच ठेवली, सगळं बोललं जायचं. डेलमार श्टाउफरच्या दोन एकरांबद्दल मात्र आजवर कुणाला बोलायला जागा मिळाली नव्हती. जन्मभर काउंटीचा बर्फ हटवायचा ट्रक चालवलेला माणूस. सरळ रेष धरायची त्याला सवयच होती.

माणूसही ट्रकसारखाच होता. होता म्हणायचं, कारण हिवाळा सरता सरता तो झडायला लागला. आधी गालफडं बसली, मग शर्ट खांद्यांवरून लोंबायला लागले. कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडून झाली, तीही पुरेनात. नोरीनने डॉक्टरचं नाव काढलं की तो म्हणायचा, "डॉक्टर येऊन माझं गवत कापणार आहे का?" हे एकच उत्तर त्याने इतक्यांदा दिलं होतं, की तिला ते पाठ झालं होतं. पण जोर धरून भांडणं तिच्या स्वभावात नव्हतं. चाळीस वर्षं तिने या माणसाचा राग टाळण्यात घालवली होती आणि त्यालाच ती संसार म्हणत आली होती.

गाडी बंद पडल्याचं बघून शेजारचा बड कुंपण ओलांडून आला. बड भला माणूस, पण त्याला गप्प बसता येत नाही. तो गाडीवर बसला, चालू केली आणि झाडाला वळसा घालून खाडखाड परत आला. काही झालं नाही. डेलमार म्हणाला, नशीब तुझं. बड पुन्हा फिरून आला, तरी काही नाही. मग सहज बोलून गेला, की आता बसलोच आहे तर मागची अर्धी बाजू मीच उरकून टाकतो. डेलमारचा चेहरा असा काही फिरला, की बड मुकाट्याने उतरला.

डेलमारचंही बरोबर होतं म्हणा. त्या गावात शेजारी दुसऱ्याचं गवत केव्हा कापतो, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. कुणी दवाखान्यात पडलं, कुणाचा नवरा गेला, की दुसऱ्या दिवशी न सांगता कुणीतरी गाडी घेऊन येतं, आवार कापतं आणि निघून जातं. ना निरोप, ना आभार. डेलमारने स्वतः किती विधवांची आवारं कापली होती. रस्त्याने जाणाऱ्याला दुसऱ्याची गाडी तुमच्या गवतावर दिसली, की दुपारपर्यंत गावभर होतं.

बडने नोरीनला मात्र पायरीशी गाठलं. खालच्या आवाजात म्हणाला, की सीटखाली एक बटण असतं. वर माणूस बसलेला असला तरच इंजिन चालतं, माणूस पडला-बिडला तर पाती थांबावीत म्हणून. डेलमारच्या वजनाने सीट सारखी दबायची, म्हणून दोघांनी मिळून मागे तिथं जाडजूड स्प्रिंग घातली होती. "गाडीला काही झालेलं नाही, नोरीन. ती स्प्रिंग आता त्याच्या वजनाने दबत नाही. खड्डा लागला की तो वर उडतो, आणि गाडीला वाटतं, सीटवर कुणी नाहीच."

आता हे त्याला सांगायचं कुणी? सांगावं तर लागणारच होतं. डॉक्टरकडे न्यायला याहून मोठा पुरावा तिला मिळणार नव्हता. ती पदरचं सगळं धैर्य गोळा करून त्याच्याकडे गेली, तर तोच म्हणाला, "तू बस बरं. तुझ्याखाली बंद पडते का बघू."

ती बसली. नोरीन काही बारीक बाई नव्हती, आणि तिच्याखाली गाडी मजेत चालली. मागे डेलमार कमरेवर हात देऊन उभा होता. जुन्या बुंध्याजवळ जमीन उंचसखल आहे, तिथं तिला वाटलं, पड बाई बंद, एवढं एकदा पड. गाडी कशाला पडतेय. मग तिने काय केलं, तर स्टिअरिंगवर हात रोवले आणि अंग जरासं उचललं. इंजिन थांबलं.

"बघितलंस?" डेलमार म्हणाला. किती दिवसांनी तो हसला होता. "गाडीच म्हातारी झालीय. नवीच घेऊ."

त्या दुपारी त्याने बटाट्याचं सॅलड मागून घेतलं. नोरीन त्याच्याकडे बघत बसली आणि मनातून स्वतःला शिव्या देत राहिली. हातातोंडाशी आलेली संधी तिने घालवली होती, आणि कशासाठी, तर त्याच्या एका हसण्यासाठी. त्याच्या जिवाशी आपण खेळलो, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं. तिने मनाशी ठरवलं, दुकानात नवी गाडीही बंद पडली, की तिथंच सगळं बोलून टाकायचं. मग तो ओरडला तरी चालेल.

दुकान गावाबाहेर हमरस्त्याला होतं. पुढच्या खडीच्या मैदानात लाल, हिरव्या, पिवळ्या गाड्या ओळीने मांडलेल्या. विकायला कर्टिस नावाचा तरुण होता, बोलायला गोड. त्याने आधी दोन दांड्यांनी वळणारी, जागच्या जागी गिरकी घेणारी गाडी दाखवली. डेलमारने दांड्या हलवून पाहिल्या आणि म्हणाला, ही काय होडी वल्हवायची आहे का, स्टिअरिंगवाली दाखव. मग त्याचे प्रश्न सुरू झाले. इंजिन किती ताकदीचं, पाती किती रुंद, हे त्याने विचारलंच नाही. ब्रेक दाबायला जड आहे का? चढायची पायरी किती उंच? पेट्रोल भरायला डबा छातीपर्यंत उचलावा लागतो का? नोरीन ऐकत होती आणि तिचा जीव तीळतीळ तुटत होता. याच माणसाने एके काळी बर्फाच्या ट्रकचं चाक एकट्याने बदललं होतं, आणि आता पेट्रोलच्या डब्याची चौकशी करत होता.

शेवटी एका हिरव्या गाडीशी तो थांबला. तिच्या सीटखाली एक गोल मूठ होती; बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे सीट कडक किंवा मऊ करायची. कर्टिसने विचारलं, वजन किती तुमचं?

"दोनशे तीस पौंड," डेलमार म्हणाला. म्हणजे शंभर किलोंच्या वर.

कर्टिसने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा नोरीनकडे पाहिलं आणि मूठ फिरवली. गिऱ्हाइकाला खोटं पाडायचं नाही, एवढं शिकलेला होता. डेलमार खडीवरून निघाला. मैदानाच्या मध्यावर चाक खळग्यातून गेलं आणि इंजिन गप झालं. कर्टिस धावत गेला, म्हणाला, नवी सीट आहे, कडक असते, जरा सैल करतो. केली. गाडी निघाली, आणि पुन्हा थांबली. त्याने आणखी सैल केली. आता तो डेलमारच्या तोंडाकडे बघत नव्हता, मुठीकडेच बघत होता. नोरीन एका टायरवरच्या नक्षीकडे बघत उभी होती. बोल, आता बोल, असं ती स्वतःला सांगत होती.

मूठ जवळजवळ शेवटाला टेकली तेव्हा गाडी चालली. डेलमारने मैदानाला एक फेरी मारली, गाडी नोरीनपाशी आणून उभी केली आणि स्वतःच बंद केली. मग कर्टिसला म्हणाला, की आत कॉफी असेल तर दोन कप घेऊन ये, घाई नाही. कर्टिस सुटल्यासारखा आत गेला.

"डेलमार," नोरीन म्हणाली, "आता तरी डॉक्टरकडे चल. त्या दिवशी गाडी बंद पडली नव्हती. मी—"

"तू उचललंस स्वतःला. माहीत आहे मला. मागेच तर उभा होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"बरं वाटलं." तो अजून सीटवरच बसून होता. "माझ्यासाठी कुणीतरी खोटं केलं. आणि मला दुकानात यायचंच होतं. खरं कारण सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

"कसलं खरं कारण?"

"डॉक्टरकडे मी जाऊन आलोय, नोरीन. ईस्टरच्या आधी. पाती धार लावायला नेतो म्हणून गेलो होतो बघ, तेव्हा. पोटातलं आहे. यकृतात शिरलंय. तो म्हणाला, औषध देऊन फार तर थोडे दिवस वाढतील, पण ते दिवस काही धड नसतील. मी नको म्हटलं."

नोरीनने गाडीचं बॉनेट धरलं. ते उन्हाने तापलेलं होतं, तरी तिने हात काढला नाही. आधी तिला रडू नाही आलं, संताप आला. इतका संताप तिला जन्मात कधी आला नव्हता.

"आणि मला तू रोज सांगत होतास, डॉक्टर गवत कापणार का म्हणून," ती म्हणाली. "मी रोज तुझ्यापुढं ताट ठेवून तुझा प्रत्येक घास बघत होते. मला वाटत होतं, माझ्याच भित्रेपणामुळं तू मरणार. हे वाटू दिलंस तू मला?"

डेलमारने मान खाली घातली. म्हणाला, "चुकलंच माझं. तुला सांगितलं असतं, तर तू माझ्याकडे तशा नजरेनं बघायला लागली असतीस. आत्ता बघतेयस ना, तशी."

"मग त्या पोराला दोनशे तीस कशाला सांगितलंस?"

"आकडा तोंडात बसलाय. निघाला."

रस्त्याने एक धान्याचा ट्रक गेला. मग डेलमार स्टिअरिंगचा आधार घेत, एकेक पाय टाकत खाली उतरला.

"आता नीट ऐक," तो म्हणाला. "मी गेलो की बड येईल. मग चर्चची माणसं पाळी लावतील. एक उन्हाळा सगळे येतात, मी कमी का पाहिलंय? दुसऱ्या उन्हाळ्यात निम्मे येतात. मग तू पडद्याआडून बघत बसशील, आज कुणी येतंय की नाही. कुणी आलं की केक घेऊन धावशील. तुला मी ओळखतो. त्यापेक्षा तू स्वतः काप. चढ वर."

"मला नकोय गाडी. गवत वाढू दे नाहीतर जळू दे."

"नोरीन. चढ."

ती चढली. पायरी खरंच ठेंगणी होती. पाय टाकताना तिला उमगलं, की ब्रेक, पायरी, पेट्रोलचा डबा, सगळं त्याने तिच्यासाठी विचारलं होतं. डेलमार गुडघ्यांवर बसला. बसायलाही त्याला वेळ लागला. मग मूठ धरून तिच्या अंदाजाने सीट कडक करू लागला. मध्येच वर बघून म्हणाला, वजन विचारू का? ती म्हणाली, विचारून तर बघ. तेवढ्यापुरती दोघं हसली, आणि त्या हसण्यातच तिचा बांध फुटला. डेलमारने तिला रडू दिलं. मूठ मात्र फिरवत राहिला. मग सीट पुढं ओढून तिचा पाय ब्रेकवर पुरता टेकतो का, ते हाताने दाबून पाहिलं.

त्याने गाडी चालू करून दिली. तिला वाटलं, तो कॉफीची वाट बघत थांबेल, पण तो शेजारून चालायला लागला. पात्यांची दांडी कोणती, वळायच्या आधी वेग कसा कमी करायचा, मागे जाताना वळून का बघायचं, सगळं इंजिनाच्या आवाजात ओरडून सांगत होता. दूरचं एखादं झाड नजरेत धरायचं आणि त्याच्याकडेच बघत जायचं, चाकाकडे बघितलं की पट्टा वाकडा होतो, असंही म्हणाला. लाल गाड्यांच्या ओळीपाशी त्याचा दम सरला. एका गाडीच्या पाठीला धरून तो उभा राहिला, तोंड उघडं, छाती वरखाली होत होती.

नोरीनने ब्रेकवर पाय नेला. त्याने हात हलवला, थांबू नकोस म्हणून.

"मी इथं थांबतो," तो म्हणाला. "तू जा पुढं."

ती गेली. मैदानाच्या टोकाशी वळली आणि त्याच्याकडे तोंड करून परत आली. कर्टिस दोन कप घेऊन दारात आला होता, आणि या बाई रडत रडत गाडी का चालवतायत, हे न कळून तिथंच उभा राहिला होता. ती जवळ आली तेव्हा डेलमार तिच्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो खडीवर उमटलेला चाकांचा माग बघत होता.

"वळताना घाई करतेस," तो म्हणाला. "परत जा."