एसनंतरची माशी

"बाई, ही माशी कुठं बसवायची? एसच्या आधी का नंतर?"

खडू हातात धरून साडेनऊ फळ्यापाशी अडले होते.

"तुमच्या नाकावर बसवा!" मागून हमालांचा मुकादम ओरडला आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला. बाईंनाही हसू आवरेना. 'अ‍ॅपॉस्ट्रॉफी' हा शब्द काही केल्या कुणाच्या जिभेवर बसेना, तेव्हा त्या चिन्हाचं नाव माशी पडलं ते पडलंच.

"महिना एकच असला तर आधी माशी, मग एस," बाई म्हणाल्या. "जास्त महिने असले की आधी एस, आणि त्याच्यानंतर वरच्या अंगाला माशी. आपण नाही का, महिन्याची लिहितो आणि महिन्यांची लिहिताना डोक्यावर टिंब देतो? तसंच समजा."

"हात्तिच्या! मग सोपं आहे की." साडेनऊंनी माशी बसवली, घसा खाकरला आणि वाचलं, "थ्री मंथ्स नोटिस. तीन महिन्यांची नोटीस."

साडेनऊ म्हणजे कारखान्याचे पंप सांभाळणारे काका. उजव्या हाताचं एक बोट अर्ध्यावर तुटलेलं, म्हणून हे नाव. त्यांनीही ते हसून घेतलेलं. नव्या पंपावर इंग्रजीत पाटी होती, की चालू असताना झाकण उघडू नये. ती त्यांना वाचून दाखवली साहेबांनीच, पण बोट गेल्यावर. "मी फी आधीच भरलीय हो," असं म्हणत ते सगळ्यांच्या आधी वर्गात हजर होत, ग्रीसचे हात साबणानं दोनदा धुऊन. वर्ग सुटला की फळाही तेच पुसत, वरच्या कोपऱ्यापासून, एक रेघ न ठेवता. बाईंना त्यांचं भारी कौतुक वाटे.

इंग्रजीचा हा वर्ग कंपनीनंच काढला होता, कँटीनमागच्या रिकाम्या कोठीत. घरी नवऱ्याचं दुकान बसलेलं, त्यामुळे ही शिकवणी मिळाली तेव्हा बाईंना हायसं वाटलं होतं. शिकवायची वाक्यं मात्र ऑफिसातून छापून यायची. फळं नाहीत, फुलं नाहीत, मांजर नाही की कुत्रा नाही. सुरुवातच नोटीस, रजा आणि सर्व्हिस. तीन महिन्यांची, दोन आठवड्यांची, इतक्या वर्षांची. एकदा त्यांनी साहेबांना विचारलंही होतं, की असे कोरडे धडे का?

"व्यवहारातलं शिकवा बाई," साहेब म्हणाले होते. तरुण माणूस, बोलायला गोड. "त्यांना पुढे उपयोगी पडेल."

त्या 'पुढे'वर बाईंच्या मनात पाल चुकचुकली होती. पण नोकरी नवी, आणि आपल्याला काय करायचंय असं म्हणून त्या गप्प बसल्या.

कोठीच्या भिंतीपलीकडेच पंपघर होतं. वर्ग सुरू झाला तेव्हा पंपांच्या आवाजात ओरडून शिकवावं लागे. आता साध्या आवाजातही मागच्या बाकापर्यंत ऐकू जायचं.

"तीन नंबरचा उघडून नेला, दुरुस्तीला म्हणे," साडेनऊंनी फळा पुसता पुसता सांगितलं. "परत यायचं नाव नाही. दोन नंबरला ताडपत्री घातली. आणि काल कोण दोघं आले होते, टेप लावून पंपघर मोजत होते. नवीन पंप बसवणार असतील, नाही का हो बाई?"

"असतील," बाई म्हणाल्या. त्यांना त्या हसऱ्या तोंडाकडे बघवेना.

परीक्षेच्या दिवशी बाई जिना चढत होत्या, तेव्हा वरून टायपिस्टबाई घाईघाईनं खाली आल्या. दोघी रोज बरोबर चहा घ्यायच्या. आज टायपिस्टबाईंचा चेहरा उतरला होता. त्यांनी बाईंचा दंड धरून त्यांना कठड्याकडे ओढलं.

"तुमच्या धड्यांतली वाक्यं कुठून येतात, माहीत आहे? मी टाइप केलेल्या पत्रांतून. तुमच्या वर्गातल्या एकूण एक माणसाचं पत्र तयार आहे."

"कसलं पत्र?"

"कसलं म्हणजे? घरी बसवायचं. ज्याला इंग्रजी पत्र वाचता येत नाही, त्याला ते युनियनच्या माणसासमोर समजावून सांगावं लागतं. मग युनियन भांडते, प्रकरण लांबतं, एखाद्याची नोकरी वाचतेही. पण वाचता येतं असं तुम्ही लिहून दिलंत, की पत्र हातात ठेवायचं, सही घ्यायची, संपला विषय. म्हणून तर हे शाळेचं सोंग." त्यांनी मागे वळून पाहिलं. "माझं नाव घेऊ नका, पाया पडते."

म्हणजे इतके दिवस आपण या माणसांना हौसेनं काय शिकवत होतो? स्वतःचीच हकालपट्टी वाचायला! त्यांना स्वतःची शिसारी आली. वर्गाला सावध करायचं म्हणून त्या धावतच कोठीत शिरल्या, तर साहेब त्यांच्या खुर्चीशेजारी खुर्ची टाकून बसलेले.

"या बाई. तुमचीच वाट बघतोय. या यादीत नावापुढे 'येतं' किंवा 'नाही', एवढंच लिहायचं."

बोलायची सोयच उरली नव्हती. बाईंनी पेन उघडलं आणि मनाशी ठरवून टाकलं.

मुकादमानं अडखळत का होईना, वाचलं. बाईंनी लिहिलं, नाही. "सुटलो बुवा!" मुकादम म्हणाला. "घरी सांगतो, बाईच खडूस होत्या." त्याच्या मागचा वॉचमन बरा वाचत होता. नाही. वेल्डर चक्क चांगला वाचून गेला. नाही. साहेबांच्या कपाळावर आठी चढली. "सगळेच कसे नापास? माशी कुठं शिंकली?" ते हसून म्हणाले, पण डोळे हसत नव्हते.

शेवटी साडेनऊ उठले. धुतलेला शर्ट, केसांना पाणी लावलेलं. कागद दोन्ही हातांत धरून त्यांनी एकही चूक न करता वाचलं, अर्थही सांगितला, आणि शाबासकीची वाट बघत उभे राहिले.

बाईंनी लिहिलं, नाही.

"काय चुकलं, बाई?"

"काका, अजून सराव हवा. पुढच्या खेपेला बघू."

"पण चुकलं काय ते सांगाल की नाही? माशी चुकली?"

बाईंनी डोळ्यांनी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. बारीकशी मान हलवली. पण काकांना वाटलं, हाही नकारच. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

"घरी सगळ्यांना सांगून आलोय हो मी. बायकोनं शर्ट धुऊन दिला. साहेब, तुम्ही घ्या माझी परीक्षा. पाहिजे ते वाचायला द्या."

"साहेब, त्यांच्या पाळीची वेळ झालीय," बाई घाईनं म्हणाल्या.

"होऊ द्या की." साहेबांनी बॅगेतून एक कागद काढला. "हे वाचा काका. अर्थासकट."

साडेनऊंनी कागद घेतला, अर्धं बोट पहिल्या ओळीवर टेकवलं आणि हसले. "हे तर माझंच नाव!"

मग वाचत गेले. कंपनीचं नाव, तारीख. "ट्वेंटी सिक्स इयर्स सर्व्हिस. सव्वीस वर्षांची नोकरी," त्यांनी मान वर करून वर्गाकडे पाहिलं. मुकादमानं टाळी वाजवली. "थ्री मंथ्स नोटिस. तीन महिन्यांची..."

बोट ओळीवर तसंच राहिलं. भिंतीपलीकडे एकटा पंप धापा टाकत होता. आता थांबतील, असं बाईंना वाटलं. पण काका थांबले नाहीत. आवाज खाली आला तेवढाच. एकेक शब्द सुटा करून, माशीपाशी शिकवल्याप्रमाणे नीट पुढे जात, साहेबांच्या सहीखालच्या हुद्द्यापर्यंत त्यांनी सगळं वाचलं. टाळ्या आता कुणीच वाजवल्या नाहीत.

"समजलं?" साहेबांनी विचारलं.

"समजलं."

"मग इथं सही करा."

त्यांनी सही केली. साहेब कागद घेऊन बाहेर पडले. एकेक करत बाकीचेही उठून गेले, कुणी कुणाकडे न बघता.

"काका, मी..." बाई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी तरारलं.

"वाचवत होतात होय मला?" साडेनऊ म्हणाले. "आणि मी मूर्ख, भांडलो तुमच्याशी." त्यांनी अर्ध्या बोटाकडे पाहिलं. "राहू द्या. बोट गेलं तेव्हा पाटी मागाहून वाचून दाखवली होती मला. या खेपेला माझं मी वाचलं. तेवढं ते 'नाही' खोडा बाई."

बाईंनी 'नाही' खोडलं आणि वर लिहिलं, 'येतं'.

काकांनी ते वाकून वाचलं. मग खिळ्यावरचं फडकं घेऊन फळ्यापाशी गेले आणि वरच्या कोपऱ्यापासून, एक रेघ न ठेवता, फळा पुसून काढला. फडकं झटकून पुन्हा खिळ्याला लावलं. पलीकडे पंप चालू होता आणि पाळी त्यांचीच होती, म्हणून ते निघाले.